साडूभाऊंची लहान होत जाणारी फळी

आमचे साडू एखाद्या गोष्टीवर नीट उभे राहायला शिकले, की त्याच घटकेला ती गोष्ट त्यांना मोठी वाटायला लागते. आणि मग ती लहान करून घेतल्याशिवाय ते स्वतः स्वस्थ बसत नाहीत आणि नात्यागोत्यातल्या कुणाला बसू देत नाहीत. हे मी रागानं सांगत नाही. म्हणजे रागानंच सांगतो आहे, पण तो राग आता लोणच्यासारखा मुरला आहे. माझी बायको आणि त्यांची बायको सख्ख्या बहिणी. त्यांची थोरली, माझी धाकटी. एवढ्या एका कारणावरून गेली वीस वर्षं हा माणूस माझ्या वाट्याला आलेला आहे. लहानपणी म्हणे विहिरीत पोहायला शिकवताना वडिलांनी त्यांच्या पाठीला तीन सुके भोपळे बांधले होते. चार दिवसांत पाय मारायला जमल्यावर यांनी एक भोपळा सोडला, पाचव्या दिवशी दुसरा सोडला, आणि सहाव्या दिवशी तिसराही सोडून उडी मारली ती थेट तळाला. वडिलांनी केसाला धरून वर काढलं. ही हकिकत ते फजितीची म्हणून सांगत नाहीत, प्रगतीची म्हणून सांगतात. लग्नानंतर त्यांनी एक भलीथोरली बुलेट घेतली. ती एका हातानं चालवता यायला लागल्यावर विकली आणि एक पिचकी लूना आणली. "बुलेट कुणीबी चालवतंय हो," ते मला म्हणाले, "लूनावर ब्याण्णव किलोचा माणूस तोलून दाखवा." ते तसं दाखवत होते तेव्हा मागं कॅरिअरवर मी बसलेला होतो.

नळदुर्गला हायवेच्या कडेला त्यांचं ताडपत्रीचं दुकान आहे. सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरून जाणाऱ्या ट्रकांच्या फाटक्या ताडपत्र्या ते शिवून देतात, आणि त्यांची शिलाई अशी की ताडपत्री कुजून जाईल पण टाका उसवणार नाही. माझं चष्म्याचं दुकान गावात, त्यांच्या दुकानापासून पायी दहा मिनिटांवर. हे अंतर फार कमी आहे. सात-आठ वर्षांपूर्वी हैदराबादचे एक मिशाळ गृहस्थ गोव्याकडं निघाले असताना साडूंच्या दुकानाशी थांबले. गाडीच्या टपावर एक लांबरुंद फळी बांधलेली आणि हातात फाटलेलं रंगीबेरंगी कापड. हे शिवून मिळेल का, असं त्यांनी विचारलं. साडूंनी कापड बोटांत चोळलं, उन्हाकडं धरून बघितलं आणि म्हणाले, "मिळंल की. ट्रक कुठाय?" ट्रक नव्हता. ते शीड होतं. त्या फळीत एक काठी खोचायची, काठीला ते शीड लावायचं, मग फळीवर उभं राहून शीड दोन्ही हातांनी धरायचं आणि वाऱ्याच्या जोरावर पाण्यावरून जायचं, असा तो खेळ. साडूंनी शीड शिवून दिलं आणि मजुरी म्हणून त्या भल्या माणसाला गावाबाहेरच्या धरणावर नेऊन तो खेळ करून दाखवायला लावला. मलाही बोलावणं आलं. मी दुकान बंद करून गेलो, ही माझी पहिली चूक. ते गृहस्थ बघता बघता पलीकडच्या काठाला गेले, वळले, परत आले, आणि त्यांच्या डोक्याचा केससुद्धा भिजला नव्हता. साडू काठावर तोंड उघडं टाकून उभे होते. तोंडातली बडीशेप खाली सांडली तरी त्यांना पत्ता नव्हता. दोन महिन्यांनी एका ट्रकमधून, कांद्याच्या पोत्यांवर आडवी पडून, त्याच गृहस्थांकडची एक जुनी फळी साडूंच्या दारात येऊन उतरली.

फळीचं माप लिटरमध्ये असतं, हे मला तेव्हापासून पाठ आहे. आणि माझी खात्री आहे की धाराशिव जिल्ह्यात ज्यांना ज्यांना ते ठाऊक आहे त्या सगळ्यांना साडूंनीच अडवून सांगितलेलं आहे. ढोबळमानानं जितके लिटर तितके किलो ती फळी पाण्यावर तोलते. ही पहिली फळी दोनशे वीस लिटरची होती. तिच्यावर ब्याण्णव किलोचे साडू, शीड, काठी हे सगळं चढूनही वर आणखी एक माणूस आणि दोन शेळ्या आरामात मावल्या असत्या. मी तिचं नाव धर्मशाळा ठेवलं. आमच्याकडं पावसाळ्यात पाऊस येतो न येतो, पण वारा चुकत नाही. मृग लागला की माळावरच्या पवनचक्क्या गरगरायला लागतात आणि दर रविवारी सकाळी सहाला माझा फोन वाजतो. "साडू, उठा. पवनचक्क्या फिरायल्यात." मी म्हणायचो, फिरू द्या, त्यांचं कामच आहे ते. पण तोवर माझी बायको पलीकडून म्हणायची, "दाजी बोलवायलेत ना? जा की. एकटे बुडले म्हणजे?" म्हणजे बुडायचंच असेल तर दोघांनी बुडावं, असा त्या घराण्याचा विचार.

मग मी काठावर टॉवेल घेऊन उभा आणि साडू पाण्यात. चढायचे, पडायचे, चढायचे, पडायचे. प्रत्येक पडण्याबरोबर नाकावरचा चष्मा तळाला. पहिल्या पावसाळ्यात माझ्या दुकानातले सहा चष्मे त्या धरणात गेले. तिथल्या माशांना आता चाळिशी लागली तरी काही अडचण नाही. मी चष्म्याच्या दांड्यांना मागून दोरी लावून दिली, तर म्हणे दोरीनं मान आवळल्यासारखी होते. दुसऱ्या दिवशी स्वतःच ताडपत्रीच्या नाडीचा पट्टा शिवून आले. तो लावला की ते घाण्याच्या बैलासारखे दिसायचे. मात्र एक मान्य करायला हवं, श्रावण सरता सरता ते उभे राहिले. पुढच्या वर्षी वळायला लागले. आणि वळता आलं त्याच दिवशी, अंगावरचं पाणी निथळत असताना, मला म्हणाले, "साडू, फळी मोठी झाली."

मी म्हटलं, "अहो, कालपर्यंत तर पुरत नव्हती."

"ती म्या शिकत होतो तवा. आता बघा, ही म्हंजे भरलेला ट्रक. वळवायला अर्धा मैल लागतोय. वारा जोराचा आला की हिचं तोंड वर उठतंय आणि बडवत चालती. लहान फळी म्हंजे कशी, पाण्यावर नुसती टेकती. पळाया लागली की पाण्याच्या वरनंच जाती." हे त्यांनी हैदराबादच्या गृहस्थांना फोन करकरून मिळवलेलं ज्ञान होतं. त्यांचं म्हणणं, नव्या माणसाला आपल्या वजनाच्या दुप्पट लिटर पाहिजेत, आणि जसजसं येत जाईल तसतसे लिटर कमी करायचे. ताईंनी, म्हणजे माझ्या मेहुणीनं, हे ऐकून शांतपणे सुचवलं की लिटर कमी करण्याऐवजी किलो कमी केले तरी हिशेब तोच. साडू दोन दिवस अर्धी भाकरी खाऊन राहिले. तिसऱ्या दिवशी त्यांनी जाहीर केलं की कौशल्याची जागा उपासानं भरून निघत नाही, आणि दीडशे लिटरची फळी मागवली.

या लिटरच्या वेडापायी त्यांनी माझ्या पुतणीचं लग्न जवळजवळ मोडलं होतं. तामलवाडीहून मुलाकडचे लोक बघायला आले होते. चहापोहे झाले, पाहुणे जरा मोकळे होऊन बसले, तेवढ्यात साडूंनी मुलाला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "वजन किती हो तुमचं?" मुलगा बिचारा लाजून म्हणाला, ऐंशी. "म्हंजे तुमाला सुरुवातीला दीडशे तरी लिटर लागणार," साडू म्हणाले, "कमीत भागायचं न्हाय." मुलाच्या वडिलांचा चेहरा उतरला. ते म्हणाले, आमच्या घरात कुणी थेंबालासुद्धा शिवत नाही, तुम्हाला कुणी काय सांगितलं? त्यावर मुलाच्या मामाला वाटलं की बोलणं दुधाचं चाललंय आणि आम्ही त्यांच्या गोठ्यातली जनावरं मोजतोय. ते सगळं निस्तरायला मला तासभर लागला. त्या तासात साडू अंगणात मुलाला एका पायावर उभं करून त्याचा तोल बघत होते. लग्न झालं, ही पुतणीची पुण्याई.

दीडशेची फळी आली आणि एका रविवारी साडूंनी धर्मशाळा माझ्यासमोर आडवी ठेवून म्हटलं, "ही आता तुमची." मी हात जोडले. मला पाण्याची हौस नाही, मी चष्मे विकतो, मला पन्नाशी जवळ आली आहे. ते काहीएक ऐकेनात, आणि घरी बायको म्हणाली, "दाजींनी एवढ्या मायेनं दिली, तर नाही कसं म्हणायचं?" थोरल्या बहिणीचे जुनी परकर-पोलकी घालून ती वाढली, तिला यात काही वावगं वाटत नव्हतं. मी त्या फळीवर उभा राहायला शिकलो तो निव्वळ या बहिणी-बहिणींच्या दबावाखाली. पण एकदा शिकल्यावर, खरं सांगतो, मला ती धर्मशाळा आवडायला लागली. ती कुणाला पाडत नाही. वारा पडला तर मी शीड आडवं टाकून तिच्यावर मांडी घालून बसायचो. घरून स्टीलच्या डब्यात कांदाभजी न्यायचो, काठापासून हाकेच्या अंतरावर तरंगत तरंगत खायचो. आणि साडू दूरवर कुठंतरी पाण्याचे फवारे उडवत पळत असायचे, पलीकडच्या काठाला जाऊन बराच वेळ दिसेनासे व्हायचे. मी म्हणायचो, बरं झालं, तेवढीच शांतता.

ते परत आले की माझ्याभोवती एक फेरी मारायचे. "किती दिस धर्मशाळेत ऱ्हानार हो? माझी दीडशेची घ्या की."

"तुमची तुमच्यापाशी असू द्या. मला इथं बरं आहे."

"बरं हाय म्हंजे थांबलात तुमी."

"हो, थांबलोच आहे. मुद्दाम थांबलो आहे."

थांबणं हा मुद्दाम करण्याचा प्रकार असू शकतो, हे त्यांच्या डोक्यात शिरत नसे. ते दीडशेवरून एकशेवीसवर गेले. दरवेळी पहिला महिना पुन्हा तेच, चढणं-पडणं. ज्या माणसानं कालपर्यंत झोकात वळण घेतलं तो आज पुन्हा बालवाडीत. मला हे बघवायचं नाही. आपल्याला जे उत्तम येतं ते सोडून जिथं आपण धडपडू तिथं माणूस आपणहोऊन जातो कशाला? मी एकदा विचारलंही. ते म्हणाले, "पडलो न्हाय तर नवीन काय शिकलो हे कळणार कसं?" मी त्यांना दहावा की अकरावा चष्मा करून दिला.

आणि मग आली पंच्याण्णव लिटरची. मी चष्मेवाला असलो तरी बेरीज मला येते. साडू ब्याण्णव, शीड-काठी मिळून दहा-बारा, वर भिजलेले कपडे. म्हणजे ही फळी त्यांना घेऊन तरंगणारच नाही. मी हे त्यांना कागदावर मांडून दाखवलं. ते कौतुकानं म्हणाले, "बरोबर. थांबली की बुडती. पळाली तरच वर येती. म्हनून तर घेतली." या फळीवर चढायचं म्हणजे पाण्यात आडवं पडून राहायचं, शीड वाऱ्यात धरायचं आणि वारा आपल्याला उचलून उभं करील याची वाट बघायची. तो अख्खा पावसाळा मला धरणात फक्त साडूंचं डोकं दिसत होतं. धरणाच्या भिंतीवरून जाणाऱ्या एका मोटारसायकलवाल्यानं माणूस बुडतोय म्हणून आरडाओरडा केला आणि सदरा काढून पाण्यात उतरलाही. साडूंनी त्याला पाण्यातच त्याचं वजन विचारलं.

पण जमलं त्यांना. ते सांगायलाच हवं. दोन वर्षांपूर्वीच्या आषाढात ते त्या इवल्याशा फळीवर असे जायचे की मधे पाणी आहे असं वाटू नये. त्या फळीच्या मागच्या अंगाला पायात अडकवायचे दोन पट्टे असतात. वेगात पाय त्यांत घालायचे, म्हणजे माणूस फळीवरून उडून जात नाही. मात्र उडायचीच वेळ आली तर पाय सुटत नाही. तो रविवार मला लख्ख आठवतो. वारा जबरदस्त होता. मी नेहमीच्या जागी, डबा उघडलेला. साडू पलीकडच्या काठाकडून सुसाट आले, दोन्ही पाय पट्ट्यात, आणि माझ्या समोर बऱ्याच अंतरावर आल्यावर त्यांनी एक हात सोडून मला जोरजोरात हलवून दाखवला. मी भजं तोंडात धरून त्यांना हात केला. पुढच्याच क्षणी फळीचं नाक पाण्यात घुसलं, शीड त्यांच्यावरून पुढं जाऊन आदळलं आणि सगळं आडवं झालं. मी मनात म्हटलं, घ्या, आणखी एक चष्मा. मग एक हाक आली. "साडू!" ती हाक नेहमीची नव्हती.

मी आयुष्यात त्या फळीवरून तेवढं लांब गेलो नव्हतो. कसा गेलो ते मला आजही सांगता येणार नाही. डबा गेला, एक चप्पल गेली, दोनदा मी पडलो. पोचलो तेव्हा साडू त्या बुडत्या फळीला मिठी मारून पाण्यात होते आणि तोंड पांढरंफटक पडलं होतं.

"पाय?" मी विचारलं.

"पाय हाय," ते म्हणाले. "जागेवर न्हाय."

मी बघितलं आणि बघायला नको होतं असं वाटलं. घोटा भलत्याच दिशेला होता. मी म्हटलं, वर या. तर म्हणतात, "फळी सोडून न्हाय येणार. वाहून गेली म्हंजे?"

"अहो, घोटा लोंबायलाय तुमचा!"

"घोटा डाक्टर बसवतील. फळी कोण आणून देईल?"

वीस वर्षांत मी या माणसावर कधी आवाज चढवला नव्हता. थोरले साडू, मान ठेवावा लागतो. त्या दिवशी धरणाच्या मधोमध मी ओरडलो. मी म्हटलं, साडूभाऊ, गुमान वर या, नाहीतर मी असाच परत जातो आणि ताईंना घेऊन येतो. ते ताबडतोब वर आले. मी त्यांच्या फळीला दोरी बांधली, दोन्ही शिडं पाण्यात सोडून दिली, आणि पालथा पडून हातांनी पाणी मारायला लागलो. वारा धरणाच्या भिंतीकडं, म्हणजे आमच्याच काठाकडं होता, तेवढीच त्याची मेहरबानी. साडू मागं बसून माझी कंबर धरून होते आणि दात आवळून मला सांगत होते, "डावा हात लांब टाका. लांब. आता उजवा." मग त्यांची पकड सैल पडली. मला भीती वाटली, म्हणून मीच विचारलं, काय गरज होती हात सोडायची?

"तुमाला दाखवायलो होतो," ते म्हणाले.

"काय दाखवायलात?"

"दोनी पाय पट्ट्यात घालून. कुणी बघितलंच न्हाय आजून. तुमी डबा उघडून बसता."

मला इतका संताप आला होता, आणि तो कशाचा आला हे मला इतकं कळत नव्हतं, की मी नुसतं पाणी मारत राहिलो.

सोलापूरला नेऊन घोट्यात पट्टी आणि स्क्रू बसवले. डॉक्टर म्हणाले, दोन वर्षं फळीचं नाव काढू नका. ताई म्हणाल्या, या जन्मात काढू नका. मला वाटलं, चला, संपलं. वाईट वाटलं, नाही असं नाही, पण रविवारी सातपर्यंत झोपायला मिळेल याचं सुखही होतं. ते सुख नऊ महिने टिकलं. उन्हाळ्यात एक दिवस दुकानातून जेवायला घरी आलो तर माझ्याच अंगणात दोन पिंपांवर धर्मशाळा आडवी ठेवलेली आणि तिच्यावर कुरडया वाळत घातलेल्या. बायको म्हणाली, "दाजींनी पाठवली. म्हणाले, त्यांना आता ती लागत नाही." मी म्हटलं, कुणाला लागत नाही? तर म्हणे, तुम्हाला. मी फोन लावला. साडू अगदी मऊ आवाजात म्हणाले, "कुरडया चांगल्या वाळतेत तिच्यावर, गुळगुळीत हाय. मृगात तुमी दीडशेची घ्यायची."

मी नाही म्हणायला पाहिजे होतं. पण काठावर खुर्ची टाकून, पाय दुसऱ्या खुर्चीवर ठेवून बसलेल्या माणसाला नाही म्हणणं मला जमलं नाही. आणि त्या खुर्चीवरून त्यांनी मला जे छळलं, तसं पाण्यात असताना कधी छळलं नव्हतं. त्यांनी एक शिट्टी आणली. एक शिट्टी म्हणजे वजन मागं घ्या, दोन म्हणजे पायाकडं नाही पुढं बघा, आणि लांबलचक शिट्टी म्हणजे तुमचं काय चाललंय. लांबलचकच जास्त वाजायची. मी दीडशेवर पडलो, शिकलो, आणि मला जरा बरं वाटायला लागलं त्याच रविवारी त्यांनी एकशेवीसची काढून ठेवली होती. मी चिडून म्हटलं, मला स्वतःहून मोठी वाटेपर्यंत तरी थांबा. ते म्हणाले, "तुमाला काहीच मोठं वाटत न्हाय, हीच तुमची अडचण." त्यातली खरी अडचण अशी की एकशेवीसवर पहिल्यांदा वारा भरला आणि फळी पाण्यावरून सुटली, तेव्हा माझ्या तोंडून लहान मुलासारखा आवाज निघाला, आणि तो काठापर्यंत ऐकू गेला. साडूंनी शिट्टी वाजवली नाही. त्या दिवशी घरी जाताना सगळ्या रस्त्यानं ते गुणगुणत होते.

गेल्या श्रावणात एका रविवारी मी पलीकडच्या काठाला लागलो. जायचं ठरवलं नव्हतं. वळायची हिंमत झाली नाही म्हणून तसाच पुढं गेलो. काठावर मोटारपंपाचं एक शेड, बांधाला चार शेळ्या, आणि जरा वर चुलीपाशी एक पन्नाशीच्या बाई. मी धापा टाकत फळी ओढून घेतली तशा त्या उठून खाली आल्या. डोळ्यांवर हात धरून मला निरखलं.

"तुमी साडू व्हय?" त्यांनी विचारलं.

मी चकित होऊन म्हटलं, "कुणाचा?"

"त्या जाड्या पावण्यांचं. चष्म्याला पट्टा बांधायचे त्यांचं. लई दिस झाले, आले न्हाईत ते."

मी सांगितलं, पाय मोडलाय, बरे आहेत, समोरच्या काठावर बसलेत. बाईंनी तिकडं बघितलं. समोर पाण्यापलीकडं एक ठिपका दिसत होता, आणि त्याच्या हातात पांढरा टॉवेल असावा, कारण काहीतरी जोरजोरात हलत होतं. एवढ्या लांबून शिट्टी काही ऐकू येत नव्हती. "बसा," त्या म्हणाल्या, "चा टाकते." मग चुलीत लाकडं सारता सारता सांगायला लागल्या. दर रविवारी पावणे यायचे. पंपाच्या शेडची ताडपत्री त्यांनीच शिवून दिलेली. बसायचे, टेकायचे, चहा प्यायचे. "आन् दोन कप ठेवाया लावायचे म्या," म्हणाल्या. "म्हनायचे, माझे साडू येतेत पाठोपाठ. म्या म्हनायची, कवा? तर म्हनायचे, येतील, त्यांची फळी आजून लहान व्हायचीय. लई टाइम बघायचे तुमच्याकडं. मग दुसरा कप बी तेच प्यायचे."

मी कप हातात घेऊन बसलो. माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की इतक्या वर्षांत या माणसानं मला लिटर सांगितले, किलो सांगितले, वारा, शीड, पट्टे, काय वाट्टेल ते सांगितलं. पलीकडं चहा मिळतो हे एकदा सांगायला काय झालं होतं? मी तीन वर्षं आधी आलो असतो. दुसरा विचार यायला थोडा वेळ लागला, आणि तो मी इथं लिहीत नाही. बाईंनी सवयीनं आणखी एक कप भरून माझ्यापुढं ठेवला. चहा भलता गोड होता. मी दोन्ही प्यायलो.

परत येताना मधे वळायला गेलो तो पडलो, पुन्हा चढलो, आणि कसाबसा काठाला लागलो. साडू काठीच्या आधारानं घोटाभर पाण्यात येऊन उभे होते. ताईंनी बघितलं असतं तर काठी त्यांच्याच पाठीत बसली असती. मला वाटलं, आता शिट्टी, आता व्याख्यान. ते माझ्याकडं न बघता समोर बघत होते.

"चा दिला?" त्यांनी विचारलं.

"दिला."

"साखर लई टाकती."

"लई."

त्यांनी फळीवरचं पाणी हातानं निपटलं. "पडलात मधे," म्हणाले.

"पडलो."

"पाय उशिरा बदलला." आणि त्यांनी काठी वाळूत रोवून ठेवली आणि वाकून फळीचं पुढचं टोक उचललं. मी नको नको म्हणत होतो. ते काही सोडेनात. मग पुढं ते आणि मागं मी, असे चढ चढायला लागलो. त्यांचा पाय ओढत होता, त्यामुळं फळी एकीकडं कलत होती आणि मला खांदा वाकडा करून चालावं लागत होतं. चढाच्या मध्यावर ते थांबले. त्यांना दम लागला होता, पण टोक खाली ठेवलं नाही. मान वळवून पाण्याकडं बघत राहिले. वारा अजून चांगला होता.

"पुढल्या रविवारी जाताना चापत्तीचा पुडा न्या," ते म्हणाले. "दर म्हयन्याला म्या न्यायचो. संपली असंल तिच्याकडची."

मी म्हटलं, नेतो.